घाटमाथ्यापर्यंतचं सामान

चाचांनी माझा कंगवा मोडला तेव्हा मला त्यांच्या घरी राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी सकाळी अंगणात आरशासमोर भांग पाडत उभा होतो. त्यांनी माझ्या हातातून कंगवा काढून घेतला, उन्हात धरून न्याहाळला, काडकन मधोमध मोडला आणि अर्धा मला परत दिला.

"अहो चाचा, नवा होता तो!"

"डोस्क्यावर केस हायत तेवढाच कंगवा लागतोय, पावणं. उरलेल्यानं काय घोडं इंचरायचं हाय?"

अर्ध्या कंगव्यानेही भांग नीट पडतो हे मला त्या दिवशी कळलं. राग मात्र कितीतरी दिवस गेला नाही.

मी गारगोटीचा. कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली म्हणून आलो, तो लोखंडी ट्रंक, होल्डॉल, स्टोव्ह, पितळी कळशी आणि आईने दिलेल्या लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. चाचांच्या घराच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली होती. मी हमाल करून सामान आणलं तेव्हा चाचा जिन्यात आडवे उभे राहिले. ट्रंकेची एक कडी त्यांनी उचलून बघितली आणि अगदी मनापासून कळवळून म्हणाले, "एवढं वझं घिऊन माणूस जगतंय तरी कसं?"

हे कुणी बोलावं? चाचांचा पिढीजात धंदा मांडवाचा. माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचं गोदाम होतं. त्यात आढ्यापर्यंत बांबू, सागवानी खांब, कनाती, चौघांनी धरल्याशिवाय न उचलणारी जाजमं, आत माणूस बसून आंघोळ करेल अशी पातेली आणि घडीच्या लोखंडी खुर्च्यांच्या थप्प्या होत्या. लग्न असो, उरूस असो, पुढाऱ्याची सभा असो, गावातल्या निम्म्या समारंभांचं ओझं चाचांच्या मालकीचं होतं. आणि हा मालक दुसऱ्याच्या कंगव्यावर डोळा ठेवून.

एकदा मी हे त्यांना तोंडावर बोललो. ते अजिबात रागावले नाहीत. "वझं मी वळखतो की," म्हणाले. "म्हणून तर त्येचा राग हाय मला."

त्यांच्याकडे एक काळी चोवीस इंची सायकल होती. म्हणजे दुकानातून आणली तेव्हा ती सायकल होती. पुढे तिच्यावरची एकेक वस्तू उतरत गेली. आधी घंटी गेली, कारण "तोंड हाय की मला." मग स्टँड गेला, कारण गावात भिंती आहेत. चेनकव्हर, मडगार्डं, डायनॅमो, सीटच्या स्प्रिंगा अशी पाठोपाठ सगळ्यांची रवानगी गोदामाच्या कोपऱ्यात झाली. मागचा ब्रेकही काढून टाकला. मी चकित होऊन विचारलं तर म्हणाले, "पुढचा हाय की. एका कामाला दोन गडी कशाला?" एवढं सगळं काढलं, पण कॅरियरला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. उलट तो जाड सळीचा बनवून घेतला होता आणि त्यावर काथ्या भरलेली गादी शिवून बसवली होती. ती सायकल मंडईबाहेर तासन्‌तास कुलूप न लावता उभी असायची आणि कधी चोरीला गेली नाही. चोरी अर्धी होऊन गेली आहे, असंच चोरांना वाटत असावं.

चाचांच्या पायातही कधी कोल्हापुरी पायताण नसे, हलके कॅनव्हासचे बूट असत. कोल्हापुरात हे पाप समजलं जातं, पण त्यांचं म्हणणं असं, की एका पायताणाच्या वजनात एक वेळची भाकरी येते आणि पायताण काही खाता येत नाही.

या सगळ्याचं मूळ चाची होती.

चाचीचं माहेर आंबा घाटाच्या पायथ्याशी, कोकणात. वडील लवकर गेलेले, भावंडं नाहीत, नात्यातल्या एका भाचीच्या सोबतीने राहणारी आई तेवढी तिथे होती. कोल्हापूरहून तिथे जायला एस.टी. होती, पण चाचीला गाडी लागायची. सगळ्यांना लागते तशी नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा मलकापूरच्या पुढे कंडक्टरने तिला उतरवून झाडाखाली निजवलं. चाचांना वाटलं, बायको हातची गेली. दुसऱ्या खेपेला तर दवाखान्यातच न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी पुन्हा हा प्रकार करू नका म्हणून बजावलं. मग चाचांनी ट्रक करून बघितला, छकडा करून बघितला. जे चाक हलायचं ते चाचीला लागायचं. आधी आई वर्षाकाठी घाट चढून लेकीकडे यायची. पुढे तिचे गुडघे गेले आणि येणं थांबलं. मायलेकींची भेट होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

अशात एका संध्याकाळी गंमत म्हणून चाचांनी चाचीला सायकलच्या कॅरियरवर बसवून रंकाळ्याची फेरी मारून आणली. वारा तोंडावर येत होता, रस्ता दिसत होता. फेरी संपली तेव्हा चाची उतरली आणि म्हणाली, "झालं, एवढ्यात?" तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी चाचांनी शपथच घेतली, की हिला सायकलवर बसवून आईच्या दारात नेऊन उतरवीन. पण चाची अंगाने भरलेली. तिला मागे बसवून वाघबिळाचा चढ आणि मलकापूरच्या पुढचा चढ ओढायचा म्हणजे चेष्टा नव्हती. तेव्हा बाकीचं सगळं कमी करायचं. "मुख्य सामान ही," ते चाचीकडे बोट करून सांगायचे. "ह्यातलं कमी करता येत न्हाय. मग बाकी राहिलं काय? कंगवा."

"माझ्याकडं बोट करू नगा," चाची आतून ओरडायची. "सामान म्हणं!"

कंगव्यापासून ब्रेकपर्यंत चाललेला हा सगळा उपद्व्याप एका म्हातारीला तिची लेक भेटावी म्हणून आहे हे कळलं, त्या दिवशी माझा राग गेला. मी स्वतःहून एक सेकंडहँड सायकल विकत घेतली आणि चाचांबरोबर हिंडायला लागलो.

आमच्या त्या सफरी आठवल्या की अजूनही मला आधी वास आठवतो. पहाटे पंचगंगेचा पूल ओलांडला की नदीवरचं धुकं अंगाला चिकटायचं. पुढे उसाच्या मळ्यांतून कुठेतरी गुऱ्हाळ चालू असायचं आणि उकळत्या रसाचा गोड, जडसर धूर रस्त्यावर उतरून पडलेला असायचा. त्यातून सायकल नेताना चाचा पायडल मारायचे थांबत. नुसती चाकं फिरत राहायची, साखळीचा कटकट आवाज, आणि ते डोळे अर्धवट मिटून बसलेले. पाठीमागे दिवस उजाडत असायचा आणि समोर डाव्या हाताला पन्हाळा नुकता दिसायला लागलेला. आपण जातोय की रस्ताच आपल्याखालून सरकतोय, हे मला अशा वेळी खरोखर कळायचं नाही. चाचांना विचारलं तर म्हणायचे, "गप बसा, पावणं. बोलल्यानंबी वजन वाढतंय."

आम्ही बांबवड्यापर्यंत जायचो, कधी मलकापूर, कधी थेट आंब्याला घाटमाथ्यापर्यंत. त्याच्या पुढे मात्र कधीही नाही. घाटाच्या तोंडाशी दगडावर बसून चाचा खालच्या कोकणाकडे बघायचे. हिरव्या रानावर धुराचे दोन-तीन पट्टे दिसायचे, त्यातला एक सासूच्या घराचा आहे असं ते सांगायचे. उतरू या का, असं मी दरवेळी विचारी. "हिला घेतल्याबिगार उतरायचं न्हाय," हे ठरलेलं उत्तर. लेकीला वगळून जावयाने एकट्याने जाऊन पाहुणचार घ्यावा, हे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

परत आलो की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. गोदामात एक जाजम अंथरून चाचा आपली पिशवी त्यावर उपडी करत. ही पिशवी चाचीने जुन्या कनातीच्या कापडाची शिवलेली. मग माझीही पिशवी उपडी व्हायची. सामानाचे तीन ढीग पडायचे. एक वापरलेलं, एक न वापरलेलं आणि तिसरा, चाचांच्या शब्दांत, "भ्यालं म्हणून घेतलेलं." न वापरलेलं तीन खेपा माफ असे, चौथ्या खेपेला घरी. भीतीच्या सामानाला मात्र माफी नव्हती.

माझा तिसरा ढीग नेहमी मोठा निघायचा. छत्री, बाम, जादा बनियन, सुतळीचा गुंडा, पोटदुखीच्या गोळ्या, सापाच्या भीतीने घेतलेला कांदा. चाचा एकेक वस्तू वर धरून न्यायाधीशासारखे विचारत, "ह्येला कशापायी भ्यालासा?" आणि मला सांगावं लागे. सांगताना माझं मलाच हसू यायचं. वस्तू ट्रंकेत परत जायची आणि पुढच्या खेपेला मला तिची आठवणही यायची नाही. त्या जाजमावर बसून मी थोडा थोडा धीट होत गेलो, असं म्हटलं तरी चालेल.

चाचांच्या पिशवीत शेवटी शेवटी काय उरलं होतं? कनातीच्या पातळ अस्तराची एक चादर, एक सदरा, एक टिनचा मग, चाकू आणि चटणीची पुडी. भडंग घ्यावं की नाही यावर त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. "हलकं हाय, पर जागा लई खातंय," म्हणून ते बाद झालं. पिशवी गोदामातल्या ताणकाट्याला टांगली की काटा हलल्यासारखा करायचा आणि जागेवर यायचा. ते बघून चाचांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते ईदच्या दिवशीसुद्धा मी पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात लग्नं नसलेल्या दुपारी गोदाम फार सुरेख असायचं. कौलातून कवडसे पडलेले, कापडाचा आणि सुंभाचा वास. चाचा जाजमांच्या थप्पीवर उताणे पडायचे आणि डोळे मिटून रस्ता सांगायला लागायचे. "हां, पूल झाला. आता केर्ली. डाव्या अंगाला हीर हाय, पानी गोड. आता चढ लागला. पायडल जड झालं. चिंच आली, चिंचंखाली थांबायचं न्हाय, मुंगळं हायत..." चाची उंबऱ्याशी बसून फाटलेल्या कनाती शिवत असायची. तिची सुई हळू व्हायची. मी माडीवरून खाली येऊन पायरीवर बसायचो आणि तिघेही त्या रस्त्याने जायचो. मलकापूरचा बाजार यायचा, पुढचं रान यायचं, झाडांवर धुकं उतरायचं. घाटमाथा आला की चाचा थांबायचे आणि हात झटकून म्हणायचे, "मग काय, उतारच हाय."

चाची विचारायची, "आणि म्होरं?"

"म्होरं तुझं घर."

चाची पुन्हा शिवायला लागायची.

एकच गोष्ट अडली होती. चाचीचं वजन किती, हे चाचांना माहीत नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू ज्यांनी काट्याला लावली, त्यांची बायको काट्यावर बसायला तयार नव्हती. गूळ बाजारातल्या ओळखीच्या अडत्याचा मोठा काटा त्यांनी ठरवून ठेवला होता, दुपारी कुणी नसताना जायचं असंही कबूल केलं होतं.

"मी काय गुळाचा रवा हाय काट्यावर बसायला?" चाची म्हणाली.

चाचांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुळाचे दोन रवे आणले. गुळाचा रवा म्हणजे आमच्याकडची ती भली मोठी ढेप. एक उचलताना माणसाची कंबर बोलते. दोन रवे म्हणजे साधारण चाची, असा त्यांचा अंदाज होता. गोणपाटात बांधून ते त्यांनी कॅरियरवर आवळले. चाची दारात कमरेवर हात ठेवून बघत होती. "जरा सरळ बसवा तिला," तेवढं बोलली आणि आत गेली.

वैशाखातला दिवस होता. आम्ही मलकापूरला पोचलो तेव्हा आठवड्याचा बाजार भरला होता. तिथे एक सुकट विकणारी बाई चाचांकडे निरखून बघायला लागली. ती घाटाखालची, चाचीच्याच गावची निघाली.

"तुम्ही जावय ना?" ती म्हणाली. "बरं झालं गावलात. तुमच्या सासूला आता दिसत नाय हो. ती म्हणते, लेकीला सांगा, हात लावून वळखीन, पण हातात जीव हाय तवर ये."

चाचांनी मान हलवली. सुकट घेतली नाही, चहा घेतला नाही, मला म्हणाले, "चला." आणि पुढचा चढ ते अशा काही त्वेषाने चढायला लागले, की मला मागे राहावं लागलं. वाटेत वळवाचा पाऊस आला. आम्ही एका शेतकऱ्याच्या खोपीत थांबलो, त्याने पाणी दिलं, चाचांनी गोणपाट उसवून गुळाचा खडा दिला. पुढे एका वाडीत ताक मिळालं, तिथे गूळ दिला. पोरं मागे लागली, त्यांना दिला. वाटेत कुणाचं फुकट घ्यायचं नाही, हा चाचांचा नियम. एरवी ते त्या घरचं एखादं काम करून देत, आज गूळ होता. वर पाऊस पडतच होता आणि गोणपाटातून तपकिरी धार लागली होती. चाचांचं लक्ष कुठेच नव्हतं. त्यांना फक्त घाटमाथा दिसत होता.

वर पोचलो तेव्हा त्यांनी सायकल सोडून दोन्ही हात वर केले. "जमलं, पावणं! चढाला एकदाबी उतरलो न्हाय! ही आरामात येती बगा!"

मग त्यांनी गोणपाट उघडलं. एका रव्याचा ओला तुकडा आणि बरेचसे मुंगळे उरले होते.

मला हसू आवरेना. चाचा बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले. घरी आल्यावर मीच सगळी हकिकत सांगितली, तेव्हा चाची पोट धरून हसली. "म्हंजे मलाबी असंच वाटंत तुकडं करून द्येत जाणार व्हय?" मग चाचांनी तिला सुकटवाल्या बाईचा निरोप सांगितला. चाची हसायची थांबली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मला वाटलं, आता चाचा निघतील. पण मृग लागला आणि घाट बंद झाल्यासारखा झाला. पाऊस सरला तशी चाचांना पुन्हा शंका यायला लागली. कॅरियरची गादी बदलली. सीट हलकी बघितली. चादरीची कड फाडून टाकली. "अजून जड हाय, पावणं," हेच त्यांचं सुरू. एकदा ते पुन्हा गुळाची भाषा करायला लागले तेव्हा माझा संयम सुटला.

"चाचा, तुमचं सामान हलकं होईस्तोवर ती म्हातारी राहायची नाही," मी ओरडून बोललो.

चाची आतून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. "तुळशीचं लगीन झालं की लोकांची लग्नं निघत्यात," ती शांतपणे म्हणाली. "मग तुमचं मांडव. त्याआधी जायाचं. ह्या आठवड्यात."

निघण्याच्या पहाटे चाची एक गाठोडं घेऊन आली. चांगलं फुगलेलं, आईसाठी बांधलेलं. मी चाचांकडे पाहिलं. त्यांची नजर गाठोड्यावर गेली, भिंतीवरच्या ताणकाट्याकडे गेली आणि पुन्हा खाली आली. त्यांनी ते गाठोडं गुपचूप हँडलला अडकवलं. माझ्या सायकलवर टाका म्हटलं तर ऐकलं नाही. "दुसऱ्याच्या गाडीवर टाकलं म्हंजे वझं कमी झालं व्हय?"

चाची कॅरियरवर बसली, एका हाताने सीट धरली, पदर कानावरून घेतला. गावाबाहेर पडेपर्यंत ती मान खाली घालून होती. पूल ओलांडला आणि तिने वर बघितलं. मग मात्र तिचं बघणं संपेना. गोदामातल्या दुपारी ऐकलेली विहीर, चिंच, वळण, सगळं खरोखरच तिथे होतं. "ती बघा हीर," ती म्हणायची. "ही चिंच न्हवं?" चाचांना दम लागलेला, ते नुसते "व्हय, व्हय" करत होते. ती पहाट माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहे. उसाला तुरे आले होते, आणि त्यांच्यामधून ती दोघं एका उघड्यानागड्या सायकलवरून हळूहळू पुढे चालली होती.

वाघबिळाचा चढ लागला तशी चाची टुणकन खाली उतरली आणि चालायला लागली.

"अगं, उतरू नगंस! मी वडतो!" चाचा ओरडले. त्यांना ते फार लागलं. चाची ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे गेली आणि आम्ही सायकली रेटत वर पोचलो तेव्हा दगडावर बसून वारा घेत होती. पुढच्या प्रत्येक चढाला तिने हेच केलं. चाचा फुरंगटून बसायचे, ती पुन्हा कॅरियरवर बसायची, आणि सपाटी आली की ते विसरायचे.

रात्री मलकापुरात चाचांच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याला पोचलो. घाटमाथ्यावर धुकं होतं. ते वर येत होतं, झाडांत शिरत होतं, मधेच फाटत होतं आणि फाटलं की खाली कोकण दिसत होतं. चाची त्या दगडाशी उभी राहिली. कुठला धूर आईच्या घरचा, हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

"बस आता," चाचा म्हणाले. "आता उतारच हाय."

चाची बसली. सायकल उताराला लागली. पहिल्या वळणापर्यंतच वेग असा वाढला, की चाचांनी पुढचा ब्रेक आवळला. चाक करकरलं आणि घसरायला लागलं. मागे चाचीचं सगळं वजन, पुढे एकच ब्रेक, शेजारी दरी. चाचांनी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले, कॅनव्हासच्या बुटांचे तळ घासत गेले आणि सायकल कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबली. मी मागून धावत आलो. कुणाला लागलं नव्हतं. चाची उठून पदर झटकत होती. चाचांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

इतकी वर्षं त्यांनी चढाचा विचार केला होता. चढाला ब्रेक लागत नाही, म्हणून ब्रेक काढला. आणि चाचीचं माहेर तर खाली होतं.

"मागं जाऊया," चाचा म्हणाले. ते धुळीतच बसले होते. "मागचा ब्रेक मलकापुरात न्हाय मिळायचा. घरी पडलाय, बसवून घेतो. पुढल्या आठवड्यात... न्हाय, मांडव हायत. मांडव झालं की. तेवढं थांबू. हिला अशी न्हेता येत न्हाय, पावणं, हिला कायतरी झालं तर मी..."

परत फिरलो तर ही दोघं पुन्हा कधी इथवर येणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

चाचीने हँडलला अडकवलेलं गाठोडं काढलं आणि डोक्यावर घेतलं.

"मी चालले," ती म्हणाली. "तुमी या सायकल घिऊन."

आणि ती घाट उतरायला लागली. मी तिला घरात, बाजारात, अंगणात चालताना पाहिलं होतं, पण हे चालणं वेगळं होतं. गाठोडं डोक्यावर, हात मोकळे, पाय रस्ता न बघता पडत होते. वळणावर एक जुनी पायवाट रस्ता सोडून खाली जात होती, ती तिला ठाऊक होती. धुक्यात ती दिसेनाशी व्हायची आणि खालच्या वळणावर आमची वाट बघत उभी असायची. आम्ही दोघं सायकली हाताने धरून मागून उतरत होतो. खाली जाऊ तशी हवा उबदार झाली, माती लाल झाली, कुठलासा पक्षी सारखा एकच हाक घालत होता.

दुपार कलल्यावर आम्ही पोचलो. पडवीत एक वाळून गेलेली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चाचीने गाठोडं खाली ठेवलं, तिच्यासमोर बसली आणि तिचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवले. म्हातारीची बोटं कपाळावरून, भुवयांवरून, नाकावरून फिरली. मग ती जागच्या जागी थरथरायला लागली.

"कशी आलीस गो?" तिने विचारलं. "गाडी नाय लागली?"

"घाट चालत उतरले, आई."

म्हातारीचे हात थांबले. तरुणपणी तिने तोच घाट डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चढला-उतरला होता. "चालत?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं का नाय आलीस गो?"

अंगणात सायकल धरून उभे असलेले चाचा मान खाली घालून म्हणाले, "माझं चुकलं, आई."

चाचीने मागे वळून पाहिलं नाही. आईचे हात तिच्या तोंडावर तसेच होते, त्यामुळे तिचा आवाज आतून आल्यासारखा आला.

"चालत कवाबी येता आलं असतं की," ती म्हणाली. "पर मला ह्येंच्या सायकलीवर बसून यायचं हुतं."

चाचा पायरीवर बसले आणि सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागले. मी त्यांच्या हातातून सायकल घेतली आणि अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो.